फणस की बाळ

पाचवा महिना लागला की गावाला तुमच्याकडे विचारायला एकच प्रश्न उरतो : "हलतंय का गो?" सुरुवात शेजारच्या काकूंनी केली. मग मासळीवाल्या मावशीने पाटी उतरवता उतरवता विचारलं. परवा एसटीच्या कंडक्टरने सुटे पैसे देताना पोटाकडे नुसतं पाहिलं, तर मीच म्हणून गेले, "नाही अजून."

खरं तर काहीतरी हलायचं. पण मे महिना, घरात रोज फणस. दुपारी कापे गरे आणि रात्री आठळ्यांची भाजी झाल्यावर पोटात जे हलतं ते बाळ की फणस, हे पहिलटकरणीने ओळखायचं कसं?

धीर द्यायला सासूबाई होत्याच. "काही काळजी करू नको. आमच्या नलूवन्संना सहाव्यापर्यंत काही कळलं नव्हतं."

"मग?"

"मग काय, सातव्यात बैलगाडीतच बाळंत झाल्या."

त्या रात्री मी डाव्या कुशीवर पडून छताच्या कौलांचा हिशोब केला.

शेवटी सोनोग्राफीची तारीख आली. १८ ते २२ आठवड्यांत ही मोठी तपासणी करतात. बाळाचं हृदय, कणा, ओठ, सगळं नीट बघतात. दवाखान्यातून फोन आला, "येताना भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका." फोन करणाऱ्या मुलीला मे महिन्यातली धोपाव्याची जेटी ठाऊक नसावी. आम्ही पोचलो तेव्हा फेरीबोटीसाठी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची ही रांग! पोटात लिटरभर पाणी, समोर भरतीची वाशिष्ठी, आणि नवरा विचारतोय, "शहाळं घेऊ?" मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. दाभोळला उतरल्यावर दापोलीपर्यंतचं प्रत्येक वळण मला व्यक्तिशः ओळखतं.

दवाखान्यात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली बसले. कायदा १९९४ चा, पण सासूबाईंचं निदान पोटाच्या आकारावरून आधीच झालेलं. टेबलावर आडवी झाले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, एवढं भरायची काही गरज नव्हती." त्या वेळी मनात जे आलं ते गर्भसंस्कारात बसत नाही.

मोकळी होऊन आले, तर बाळ पाठ करून बसलेलं. वडिलांवर गेलंय. "काही गोड खा, फेऱ्या मारून या." दोन लाडू आणि जिन्याच्या सहा फेऱ्यांनंतर ते वळलं. सगळं ठीक. वजन ३२० ग्रॅम. आमची कलमं असल्यामुळे नवरा चटकन म्हणाला, "म्हणजे मोठा हापूस. पेटीत वरच्या थराला!"

न हलण्याचं कोडंही सुटलं. वार पुढच्या बाजूला होती, म्हणजे पोट आणि बाळ यांच्यामध्ये उशी. अशा वेळी लाथा उशिरा कळतात. "पण २४ आठवड्यांपर्यंत काहीच जाणवलं नाही तर थांबू नका, दाखवायला या," असं त्यांनी बजावलं. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबू सरबतासोबत चालेल. कॅल्शियमची वेगळ्या वेळी. बांगडा खुशाल खा, मुशी नको, तिच्यात पारा जास्त असतो. हे सासूबाईंना कोण सांगणार, हा प्रश्न आम्ही दोघांनी घाटभर एकमेकांकडे ढकलला. बाळंतिणीला दूध यायला मुशीच हवी, यावर त्या ठाम. तयारी म्हणून सुकवलेली मुशी आत्तापासून डब्यात भरून ठेवलेली.

परतीच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून उभी होते. उन्हं उतरलेली. आणि बेंबीच्या खाली, गळाला लागण्याआधी मासा आमिषाला नुसती ढुशी देतो ना, तसं काहीतरी झालं. मी श्वास धरला. पुन्हा एकदा. त्याच जागी.

"अहो," मी नवऱ्याची बाही ओढली, "आज सकाळपासून मी फणस खाल्लाय का हो?"

"नाही. का गं?"