दिवा लागला म्हणजे पार्ट गेला असं नसतं हो

आमच्या आप्पांची गाडी २०१४ ची, पेट्रोल, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. घरातली सगळी लग्नं, दवाखाने, अक्कलकोटच्या वाऱ्या त्याच गाडीत झाल्या. गेल्या महिन्यात गुरुवारी आई-आप्पांना घेऊन अक्कलकोटला निघाले आणि वळसंगच्या अलीकडंच मीटरमध्ये तो पिवळा इंजिनचा दिवा लागला. गाडी मात्र नीट चालत होती, आवाज नाही, झटका नाही, टेंपरेचर नॉर्मल. आप्पा म्हणाले परत फिर, आई म्हणाली महाराजांचं दर्शन घेऊनच येऊ, शेवटी हळूहळू जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली. (नाव घेत नाही.) त्यानं स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र) लावला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ताई, ओटू सेन्सर गेलाय, नवा टाकावा लागतंय." ओटू म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. टाकला. सेन्सर आणि मजुरी धरून ५,२०० रुपये. दिवा बंद झाला, आम्ही खूश. चौथ्या दिवशी होटगी रोडला पुन्हा लागला. परत गेले तर म्हणे आता दुसरा सेन्सर बदलून बघू. बघू?? म्हणजे आमच्या पैशानं अंदाज घ्यायचा? आणि पहिला जुना सेन्सर मागितला तर तो भंगारात गेला होता.

तेव्हा मी हट्टानं एक ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर ऑनलाइन मागवला, हजाराच्या आत मिळाला. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात लावायचा आणि मोबाईलवर ॲपमध्ये कोड वाचायचा. २०१० साली देशातल्या ज्या १३ शहरांत बीएस-४ (गाड्यांच्या धुराच्या प्रदूषणाचे नियम) आधी लागू झालं त्यात मुंबई-पुण्याच्या बरोबरीनं आपलं सोलापूर होतं, आणि २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (बिघाड ओळखून त्याचा कोड साठवणारी गाडीतलीच यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळं आपल्याकडच्या दहा-बारा वर्षं जुन्या गाड्यांतही हे सॉकेट बहुतेक सापडतंच.

कोड आला पी-०१३५. त्याचा अर्थ वाचला आणि डोकंच फिरलं. त्यात सेन्सर खराब आहे असं कुठंच नाही, सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड आहे एवढंच आहे. हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या आत छोटा हीटर असतो. आता सर्किट म्हणजे हीटर आला, वायर आली, फ्यूज आला, कनेक्टर आला. यातलं काहीही गेलं तरी कोड तोच येणार!

मग एमआयडीसीकडच्या एका म्हाताऱ्या वायरमनकडं गेले. त्यानं स्कॅनरला हातसुद्धा लावला नाही. फ्यूज बघितला, चांगला होता. सेन्सरचा कनेक्टर काढला, इंजिन चालू करायला लावलं आणि मल्टीमीटर लावला. बारा व्होल्ट यायला पाहिजेत तिथं शून्य. "सेन्सर बरा हाय की ओ, त्याला करंटच येईना." वायर धरून मागं मागं गेला तर बॅटरीच्या खालच्या बाजूला उंदरानं कुरतडलेली, आणि शेजारी शेंगांच्या टरफलांचा हा एवढा ढीग. आमच्या पार्किंगला लागूनच शेंगांची पोती ठेवायची खोली आहे. वायर जोडली, स्लीव्ह घातली, ३०० रुपये घेतले. तीन आठवडे झाले, दिवा लागलेला नाही.

मला राग ५,२०० चा नाही, म्हणजे आहेच, पण त्याहून जास्त राग या पद्धतीचा आहे. कोड वाचणं म्हणजे तपासणी नव्हे, तपासणी तिथून पुढं सुरू होते. यात आपलीही चूक आहे, पार्टचे पैसे आपण निमूट देतो आणि नुसतं तपासायचे २०० मागितले की "काही केलं तर नाही, पैसे कसले?" म्हणतो. मग तो पार्टच विकणार ना. त्या वायरमनला मी वरून शंभर दिले, त्यानं अर्धा तास फक्त शोधण्यात घातला होता.

आणि कोड नुसता उडवून देऊ नका कुणाला. दिवा लागला त्या वेळी स्पीड किती, इंजिन किती गरम, अशी नोंद कोडसोबत साठवलेली असते, ती पण पुसली जाते. आधी मोबाईलवर फोटो काढा. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी बऱ्याच गाड्यांत तेच होतं.

एक मात्र कळकळीनं सांगते, दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. पण तोच दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी झटके देत असेल तर बाजूला घेऊन बंद करा. तो मिसफायर असतो, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं आणि तो पार्ट लई महाग. ऑइलचा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर घर समोर दिसत असलं तरी पुढं जाऊ नका.

माझा स्कॅनर घरीच पडून असतो. सात रस्त्याच्या आसपास कुणाला लागला तर मेसेज करा, घेऊन जा, वापरून परत आणून द्या. कोड काय आला ते मात्र मला सांगा.