की-१, की-२ आणि चेअरमनसाहेब

नवा स्टिरिओ बसवला की स्टिअरिंगवरची बटणं मुकी होतात, ही गोष्ट दुकानदार पैसे मोजून घेतल्यावर सांगतो. तेही आपण विचारलं तर. नाही विचारलं तर तो एवढंच सांगतो की पडदा ९ इंची आहे, त्यावर यूट्यूब चालतं आणि रिव्हर्स कॅमेऱ्यात रात्रीसुद्धा दिवसासारखं दिसतं. पुण्यात गाडी चालवताना यूट्यूब बघायची सोय कोणाला हवी असते, देव जाणे. इथे समोर बघूनही भागत नाही.

कंपनीचा जुना रेडिओ काढण्यामागचं कारण घरगुती होतं. त्याने भजनांची एक सीडी गिळली होती. ती तो वाजवतही नव्हता आणि परतही देत नव्हता. अधूनमधून पोटातून नुसता घुर्र आवाज काढायचा. बायको म्हणाली, "अरे, बदलून टाक एकदाचा." म्हणून नाना पेठेत गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण शेठ अजूनही मला बघितलं की चहा सांगतात आणि चहा चांगला असतो.

फिटिंग करणारा पोरगा हाताने चपळ. डॅशबोर्डच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी घालून त्याने चौकट अशी उचकटली की कडकड आवाज थेट माझ्या बरगड्यांतून आला.

"तुटलं?"

"नाय साहेब, क्लिप सुटली."

जुना रेडिओ बाहेर आला, मागचा कपलर (सगळ्या वायरी एकत्र जोडणारा खटका) निघाला, नवा कपलर खट्कन बसला. "वायर एकपण नाय कापली साहेब. कपलर टू कपलर," पोरगा म्हणाला. या धंद्यात हे वाक्य फार मानाचं आहे. वायर कापली की वॉरंटी गेली अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे, आणि माझ्या गाडीची वॉरंटी तर कधीच संपली होती, तरी ऐकून बरं वाटलं. पडदा उजळला. आतल्या बाईने ब्लूटूथ जोडल्याची घोषणा इंग्रजीत केली. घड्याळ अडीच तास पुढे होतं, म्हणजे चीनच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं. मी स्टिअरिंगवरचं आवाज वाढवायचं बटण दाबलं. काही नाही. कमी करायचं दाबलं. तेही नाही.

"ते नाही चालणार साहेब," शेठ गल्ल्यावरूनच म्हणाले.

"का?"

"या मॉडेलला येत नाही."

"अहो, आत्ता येताना चालत होतं!"

"ते कंपनीचं होतं."

यावर काय बोलणार? मी चहा प्यायलो.

आता कोणी म्हणेल, बटणांवाचून काय अडतं? हात लांब करायचा, पडद्यावर टेकवायचा. तर त्यांनी या पडद्यांकडे एकदा नीट बघावं. आवाजाची गोल खुंटी नाही. डाव्या कडेला मुगाच्या दाण्याएवढी अधिकची खूण, तिच्याखाली उण्याची, आणि दोन्हींच्या मध्ये होमची. गाडी खड्ड्यात असताना (म्हणजे नेहमीच) बोट अधिकवर न पडता होमवर पडतं आणि नकाशा गायब होतो. कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरलं की रेडिओचं गाणं जातं आणि खरखर सुरू होते. ती बंद करायला पडदा शोधेपर्यंत बोगदा संपतो. अंगठ्याला बटण न बघता सापडतं, यातच बटणाचा सगळा मोठेपणा आहे. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी यूरो एनकॅप ही संस्था आहे. इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्डचे दिवे यांना हाताने चालवायची खरी बटणं किंवा दांडे नसतील तर २०२६ पासून ती गुण कापते. आवाजाचं बटण त्यांच्या यादीत नाही. त्यांनी कात्रज पाहिलेलं नसणार.

पुढचा काळ सल्ल्यांचा. शेठ म्हणाले, स्टिअरिंगचा वेगळा कपलर येतो, पण तो दिल्लीला करोल बागेत मिळतो, सोमवारी येईल. कुठला सोमवार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोलात गेलो नाही. मुंबईचा मावसभाऊ म्हणाला, "पुण्यात कसले करताय! कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आण, उभ्या उभ्या करून देतात." मुंबईकराकडे प्रत्येक दुखण्यावर एक रस्ता असतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने तर "बाहेरचं बसवलंय का?" असं ज्या आवाजात विचारलं, त्याने मला पापच केल्यासारखं वाटलं. ऑफिसातला एक तज्ज्ञ म्हणाला, स्टिअरिंग उघडावं लागेल, आतली पट्टी गेली असणार. ही पट्टी म्हणजे क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंगच्या मागे एका चपट्या डबीत वायरींची रिबीन गुंडाळून ठेवलेली असते. चाक फिरलं की ती सैल होते नाहीतर आवळते, म्हणून वायरी तुटत नाहीत. हॉर्न, एअरबॅग आणि ही बटणं, सगळ्यांचा कारभार तिथूनच चालतो. ती जाते हे खरं, पण रेडिओ बदलायच्या मुहूर्तावरच कशी जाईल? आणि गेली असती तर हॉर्न वाजला असता का? हॉर्न उत्तम वाजत होता. त्या दिवसांत मी तो जरा जास्तच वाजवला.

शेवटी पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीतल्या काकांनी मला बोनेटवर डोकं टेकून उभा असलेला पाहिलं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त. उभ्या हयातीत त्यांनी खांबावरच्या वायरी लोकांच्या घरापर्यंत नेल्या. आता मोबाइलमुळे त्यांना कोणी विचारत नाही, आणि घरात फॅनचा रेग्युलेटर तरी किती वेळा उघडणार? माझी हकिगत ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरत गेलं, ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

"आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढ," ते म्हणाले. "मग थांबायचं थोडं. आणि पिवळ्या आवरणातली वायर दिसली की हात मागे. ती एअरबॅगची. तिला वीज मोजायचा मीटरसुद्धा लावायचा नाही."

"स्टिअरिंग उघडायचं ना?"

"कशाला? जावयाची चौकशी करायला त्याच्या घरात घुसतोस का? रेडिओच्या मागे बघू."

काकांनी समजावलं ते असं. स्टिअरिंगवर बटणं सात-आठ असली तरी प्रत्येकाची वेगळी वायर रेडिओपर्यंत येत नाही. एक किंवा दोन वायरी आणि एक अर्थिंग, बस्स. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटासा भाग, असतो. रेडिओ त्या वायरीवर थोडंसं व्होल्टेज सोडून ठेवतो. बटण दाबलं की ते त्या रेझिस्टरच्या हिशेबाने खाली येतं, आणि किती खाली आलं यावरून रेडिओ ओळखतो. "दार एकच," काका म्हणाले, "पण कडी कशी वाजली यावरून दूधवाला कोण आणि वर्गणीवाला कोण, हे कळतं की नाही आपल्याला?" कळतं. वर्गणीवाल्याला आम्ही दार उघडत नाही. माझा नवा स्टिरिओ बहुधा सगळ्यांनाच वर्गणीवाले समजत होता.

मीटर काकांचा, त्यांच्या नोकरीतला, चामड्याच्या पिशवीतला. त्याची वायर चिरली होती म्हणून नवीन आणायला मी तपकीर गल्लीत गेलो. तिथे पोचल्यावर काकांना अजून दोन-चार वस्तू आठवल्या आणि त्या माझ्या खर्चाने आल्या. मग मोजमाप सुरू झालं. मी ड्रायव्हरच्या सीटवर, अंगठा बटणावर. काका शेजारच्या सीटवर अर्धे डॅशबोर्डमध्ये शिरलेले, जुन्या कपलरच्या एकेका खाच्यात मीटरची टोकं खुपसत.

"दाब!"

दाबलं.

"सोड! ... दाब! ... अरे, दाबून धर, गुदगुल्या काय करतोस!"

बाहेरून वॉचमनला वाटलं की मी या वयात गाडी शिकतोय. त्याने कौतुकाने मान हलवली. खाचे तपासता तपासता एका जोडीवर आकडा हलला. काका एकदम गप्प झाले. मग लग्नाच्या एका पत्रिकेच्या मागे त्यांनी सुबक अक्षरात तक्ता मांडला: मोड, आवाज वाढ, आवाज घट, पुढचं स्टेशन, मागचं, आणि समोर ओहममध्ये, म्हणजे रेझिस्टरच्या मापात, आकडे. कोणतेही दोन सारखे नव्हते. मग मला बटण दाबून ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. आकडा जागचा हलला नाही. "क्लॉक स्प्रिंग ठणठणीत आहे," काका म्हणाले. "तुझ्या ऑफिसातल्या त्या तज्ज्ञाला सांग."

मग घोडं पेंड कुठे खात होतं? नव्या स्टिरिओबरोबर आलेल्या कपलरमध्ये. ज्या खाच्यांतून गाडीकडून बटणांच्या वायरी येत होत्या, त्यांच्यासमोर नव्या कपलरमध्ये पिनाच नव्हत्या. भोकं होती, आत काही नव्हतं. आणि स्टिरिओच्या बाजूने की-१ आणि की-२ अशा चिठ्ठ्या लावलेल्या दोन वायरी निघत होत्या, त्या पोरग्याने काळ्या टेपमध्ये छान गुंडाळून आत झोपवल्या होत्या. म्हणजे 'या मॉडेलला येत नाही' ते चालवणाऱ्या वायरी मॉडेलमधूनच लोंबत होत्या. फक्त कोणाशी ओळख करून दिली नव्हती.

काकांनी पिळून जोड दिले, वर टेप. की-१ आवाजाच्या बटणांना, की-२ फोनच्या बटणांना, आणि बटणांची अर्थिंगची वायर विसरायची नाही, कारण ती बॉडीला लागत नाही, परत कपलरमधूनच येते. बॅटरी जोडली. सेटिंगमध्ये स्टिअरिंगचं पान असतं, तिथे गाडीचं बटण दाबून धरायचं आणि पडद्यावरच्या चित्राला बोट लावायचं. चित्र हिरवं झालं. मी अंगठ्याने बटण दाबलं आणि विविध भारतीचा आवाज वाढला. असा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता, अर्थात तेव्हा कारणही नव्हतं.

संध्याकाळी बायकोला घेऊन चक्कर मारायला निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे, तो गतीला नाही, गाडीलाच रोधतो. त्यावरून गाडी धाडकन उतरली. पुढे जाऊन मी आवाज वाढवला, तर गाणं बंद पडलं आणि फोनची रिंग ऐकू यायला लागली. मला वाटलं, गाण्यातलंच असेल. बायको पार्किंगच्या विषयावर बोलत होती. आमच्या चेअरमनसाहेबांनी स्कूटरच्या जागेबद्दल काढलेलं नवं परिपत्रक, त्यामागचा त्यांचा हेतू आणि त्यांचा एकूण स्वभाव यांवर तिने चार सविस्तर वाक्यं सांगितली. ती थांबल्यावर गाडीच्या सहाही स्पीकरमधून एक खाकरणं ऐकू आलं.

"हॅलो," चेअरमनसाहेब म्हणाले. "मी ऐकतोय."

दुपारी त्यांनाच शेवटचा फोन लावला होता. आवाज वाढवायच्या बटणाने रीडायल केलं होतं. बायकोने पुढचा अर्धा तास खिडकीबाहेर बघितलं, आणि मग "तू आणि तुझी ती बटणं" एवढंच म्हणाली.

काकांनी कारण लगेच सांगितलं, जरा नाखुशीने. पिळलेला जोड सैल झाला की त्याचाही थोडा रेझिस्टन्स मध्ये येतो. आकडा सरकतो. आवाजवाढीचा आकडा सरकून बरोबर शेजाऱ्याच्या आकड्यावर जाऊन बसला. फोनचं एक बटणही या गाडीत आवाजाच्याच वायरीवर आहे, हे पत्रिकेवरच्या तक्त्यात नव्हतं, कारण तिथे वधूपक्षाचा पत्ता होता आणि जागा संपली होती. मग वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, काकांची २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न तापली, राळेचा वास पार्किंगभर पसरला. प्रत्येक जोडावर कथलाचा चकचकीत थेंब, त्यावर हीट श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी. बटणं पुन्हा शिकवली. गतिरोधकावरून मुद्दाम गाडी आपटून आणली. आवाज म्हणजे आवाज, फोन म्हणजे फोन.

त्याच वेळी चेअरमनसाहेब पार्किंगमध्ये आले. मी मनातल्या मनात मेंटेनन्सची थकबाकी आठवून पाहिली. नव्हती. ते काकांकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्याही गाडीत स्टिरिओ बदललाय. बटणं चालत नाहीत."

काकांनी त्यांच्या नव्या, मोठ्या गाडीच्या रेडिओमागे डोकं घातलं. आत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी निघाल्या. बॅटरी काढून मीटर लावला, तर ६० ओहम. काका हर्षाने ओरडलेच. "कॅन बस! दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर, समांतर, म्हणजे ६०!" इथे बटणाचा रेझिस्टर रेडिओपर्यंत येतच नाही. आकड्यांत लिहिलेला निरोप येतो, त्याच दोन वायरींवरून इतर उपकरणांचेही निरोप धावत असतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये डेट्रॉइटला जाहीर केली, १९९१ मध्ये ती मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली. "आम्ही तेव्हा डायल फिरवून फोन लावत होतो," काका म्हणाले. "इथे माझं मीटर चालायचं नाही. निरोप वाचणारी डबी घ्यावी लागेल, आणि सेटिंगच्या यादीतून गाडी बरोबर निवडावी लागेल."

डबी आली. बटणंही चालू झाली, एक सोडून. पण यादीत चेअरमनसाहेबांची गाडी त्याच नावाने पाच ठिकाणी आहे. सध्या निवडलेल्या पर्यायात डिकी बंद असली तरी पडद्यावर ती उघडी दिसते, तेही लाल रंगात, नकाशावर. काका रोज संध्याकाळी खाली उतरतात आणि पुढचा पर्याय लावून बघतात. चेअरमनसाहेब आता स्कूटरच्या जागेचं परिपत्रक मागे घ्यायच्या विचारात आहेत, कारण काकांची स्कूटर नेमकी त्याच जागेवर असते.