खुलासा : मेंदूला झटका आणि व्यसन गायब?

‘डोक्याला यंत्र लावा, एका बैठकीत संयम वाढतो आणि व्यसन सुटतं,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे, पण निव्वळ थाप नाही, म्हणूनच तो पटतो.

कपाळामागचा मेंदूचा भाग मोह आवरायला मदत करतो. चुंबकीय स्पंदनांनी त्याला चेतना देण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपचार-यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था) 2020 मध्ये परवानगी दिली. फक्त धूम्रपान सोडण्यासाठी, दारू किंवा अफूजन्य पदार्थांसाठी नव्हे. 262 जणांच्या चाचणीत उपचार सहा आठवड्यांत 18 बैठकांचा होता. त्यात खऱ्या उपचाराने सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहिले सुमारे 19 टक्के, लुटुपुटुच्या उपचाराने सुमारे 9 टक्के. म्हणजे दुप्पट, तरीही बहुतेकांची सुटली नाहीच.

घरी वापरायची सौम्य विजेची यंत्रं वेगळी. त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आणि हो, यात ‘झटका’ नसतोच. शॉक ट्रीटमेंट निराळी. चुंबकीय उपचारात डोकेदुखी होऊ शकते, क्वचित फिटही येते, त्यामुळे फिटचा त्रास असलेल्यांनी किंवा डोक्यात धातूचं काही बसवलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. चालू औषधं आणि समुपदेशन यंत्राच्या भरवशावर बंद करू नयेत.