डेंग्यूत डॉक्टरचं काम ताप उतरवण्यापुरतं नाही

पावसाळा लागला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘डास मारणं महापालिकेचं काम, ताप उतरवणं डॉक्टरचं. खासगी दवाखान्यात आधीच गर्दी असते, डॉक्टरांना नोंदींत अडकवू नका. धूर फवारा, डेंग्यू आटोक्यात येतो.’ यामुळे नुकसान होतं, म्हणून हे उत्तर.

‘धूर फवारा.’ धुरानं त्या घटकेला उडणारे डास मरतात. कूलरच्या टाकीतल्या अळ्यांना काहीच होत नाही. आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तर टाकीच्या कडेला चिकटून कोरडीही कित्येक महिने टिकतात. म्हणून जूनमध्ये कूलर नुसता रिकामा करून गच्चीवर ठेवला, तर पावसाचं पाणी साचताच ती फुटतात. टाकी ब्रशनं घासा, जुन्या ताट्या काढून टाका, मग कूलर झाकून ठेवा. पण महापालिकेच्या पथकानं हजारो गच्च्यांपैकी आधी कोणत्या गच्चीवर जायचं? ते रुग्णाच्या पत्त्यावरून ठरतं, आणि पत्ता असतो दवाखान्यात.

‘नोंदींत अडकवू नका.’ बाधित डास चावल्यावर 4 ते 10 दिवसांनी ताप येतो. त्या रुग्णाला चावलेला डास साधारण 8 ते 12 दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ लागतो. पथकाच्या हाती एवढेच दिवस असतात. एलायझा या रक्तचाचणीचा अहवाल येईपर्यंत नोंद अडवून ठेवली की ते हातचे जातात. संशयित रुग्ण त्याच दिवशी कळवा, पुष्टी मागाहून होऊ द्या.

सगळ्यात मोठा घोळ पत्त्याचा. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत भरती झालेल्या मुलाच्या आधारवर पत्ता गोंदियाचा, राहतो मात्र नागपुरातच, नंदनवनच्या होस्टेलमध्ये. मग अळ्या गोंदियात शोधल्या जातात. शिवाय एडिस दिवसा चावतो, त्यामुळे शाळा किंवा दुकानही तपासावं लागतं. केसपेपरवर तीन गोष्टी हव्यातच: ताप कधी आला, गेले दोन आठवडे मुक्काम कुठे होता, दिवसा कुठे असायचा. मिनिटभराचं काम आहे.

‘दोघांची कामं वेगळी.’ डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवशी असतो. तेव्हा ‘बरं वाटतंय’ म्हणून रुग्ण घरीच असतो. अळ्यांसाठी पाण्याची भांडी तपासायला आलेल्या आशाताईंनी तेव्हाच विचारावं: पोट फार दुखतं का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येतं का, फार सुस्ती आहे का? एकही ‘हो’ आलं तर लगेच रुग्णालय. घरात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर ते थांबवायला सांगून डॉक्टरांना कळवावं, तापाला पॅरासिटामॉलच.

उलट दिशेचा निरोपही तितकाच गरजेचा. गल्लीत अळ्या सापडल्या हे जवळच्या डॉक्टरांना कळलं, तर तिथून आलेला पुढचा ताप ते ‘व्हायरल’ म्हणून सोडणार नाहीत. खासगी दवाखान्यात गर्दी असते, हे मेसेजमधलं म्हणणं खरं आहे. त्यावर उपाय असा: नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रानं एक नंबर द्यावा, दवाखान्यातल्या कंपाउंडरनं फोनवर माहिती सांगावी आणि सरकारी पोर्टलवरची नोंद केंद्रानंच भरावी.