शोधायचे पैसे

गाडीच्या वायरिंगचं अडीच दिवसांचं काम. सामान ७४० रुपयांचं. मजुरी मी दिली ४,००० रुपये.

हे आकडे ऐकून आतापर्यंत चार जणांनी मला सांगितलं, "गंडवलं बघा तुम्हाला. वायरी घासायचे चार हजार?" त्यातला एक माझा सख्खा मेहुणा आहे. तोंडी सांगून कुणाला पटेना, म्हणून सगळं नीट लिहूनच काढतो. जरा लांबेल, पण जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आधी गाडीबद्दल. सॅन स्टॉर्म. १९९८ च्या सुमाराला गोव्यात बनायला लागलेली, दोन सीटची, कापडी छताची आपली देशी स्पोर्ट्स कार. आत ११४९ सीसीचं रेनॉचं पेट्रोल इंजिन आणि बॉडी फायबरची. कॉलेजात असताना पणजीला एक पिवळी बघितली होती, तेव्हापासून ती डोक्यातून गेली नव्हती. यंदा फेब्रुवारीत कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे तशीच एक मिळाली. आधीची बरीच वर्षं ती गोव्यातच फिरलेली. इंजिन खणखणीत, गिअर लोण्यासारखे. मिरज, सांगोला, मंगळवेढा करत घरी सोलापूरला आणली. मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारीची काढणी चालली होती, छत उघडं होतं, आणि कडब्याचा तो वास थेट गाडीत येत होता. ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

शुक्रवारी रात्री नऊला गाडी घरी लावली. रविवारी सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक् टक्. सेल्फ उचलेना.

तिथून महिनाभर जे झालं ते सोलापुरात काय आणि पुण्यात काय, सगळीकडे असंच होतं. एका दुकानात नेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझा राग त्यांच्यावर नाही, का ते पुढे कळेल. त्यांनी बॅटरी जुनी झाली म्हणून नवीन टाकली, ४,२०० रुपये. तीन दिवसांनी तीही झोपली. मग सेल्फ उघडला, कार्बन ब्रश बदलले, १,८०० रुपये. पुन्हा तेच. मग म्हणाले, बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर बदलावा लागेल, साडेसहा हजार. यातल्या एकाही वेळी कुणी व्होल्ट मोजायचा मीटर लावून बॅटरी चार्ज होतेय की नाही हे बघितलं नव्हतं. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग बरोबर आहे, एवढीच तपासणी असते. अर्ध्या मिनिटाचं काम. मी घरी येऊन स्वतः लावलं, १४.१ आले. साडेसहा हजारांचा आल्टरनेटर ठणठणीत होता.

दरम्यान दुसरा एक प्रकार चालला होता. दिवे बंद ठेवून ब्रेक दाबला की मागचे ब्रेक लाईट लागायचे मिणमिणते, आणि समोर डॅशबोर्डच्या मीटरमधले दिवे आपोआप मंद पेटायचे. ब्रेकचा आणि मीटरच्या दिव्यांचा काय संबंध? त्याच दुकानात विचारलं. त्यांनी बॉडी अर्थिंग, म्हणजे मायनसची परतीची जोडणी, तपासलं, मीटर 'पीं' वाजला, म्हणाले, अर्थिंग बरोबर आहे, लाईटचा सेटच बदला. या गाडीचा लाईटचा सेट आज कुठे मिळणार?

मग एका ओळखीच्याने अक्कलकोट रोडच्या बाजूला काम करणाऱ्या अण्णांचं नाव सुचवलं. शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. आधी बरीच वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यांत मोटरी आणि स्टार्टरची कामं केलेली, आता गाड्यांचं वायरिंग बघतात. दुकान म्हणजे एक टपरी, एक बाकडं आणि मागे लिंबाचं झाड. गाडी झाडाखाली घेतली तेव्हा त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पहिल्यांदा विचारलं, "मालक, हिच्यात नंतर काय काय बसवलंय?" मी म्हटलं, म्युझिक सिस्टीम आहे, मोठे दिवे आहेत. "बसवणाऱ्यानं वायर कुठनं घेतली ते माहितीये का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग ती शोधायची. वेळ जाणार. आणि एक ऐका, सापडेपर्यंत वायर कापायची नाही. कापली की तिचा पत्ता गेला."

पहिला दिवस बॅटरी उतरण्यामागे गेला. बॅटरीचं मायनस टोक काढून वायर आणि टोक यांच्यामध्ये त्यांनी मीटर लावला, दहा अँपिअरच्या खाचेत. किल्ली बंद, दारं बंद, आतला दिवा बंद. अशा वेळी गाडीने ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त खाऊ नये. आकडा आला ०.८२. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे. भागाकार करून बघा, जेमतेम बेचाळीस तासांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ याचा हिशेब तिथेच लागला. (घरी कुणी असं बघणार असाल तर मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल.)

पुढची रीत अशी की एकेक फ्यूज काढायचा आणि कोणता काढल्यावर आकडा पडतो ते बघायचं. अण्णांनी एकेक करत सगळे काढले. आकडा ०.८२ च. मला वाटलं, झालं, आता हे पण हात वर करणार. ते मात्र खुशीत आले. "म्हणजे चोर फ्यूजबॉक्समधनं येतच नाही. थेट बॅटरीवरनं जातोय." बॅटरीच्या प्लस टोकावर नटाखाली तीन थिंबल (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) होते, त्यातली एक जाड लाल वायर कंपनीची नव्हती. ती त्यांनी बाजूला केली आणि आकडा घसरला ०.०२ वर. मग ती वायर हाताने चाचपत चाचपत, गालिचा उचलत, सीटच्या मागे पोचले. तिथे मला म्हणाले, "हात लावा इथं."

सीटमागे म्युझिक सिस्टीमचा अँप्लिफायर होता. गाडी रात्रभर बंद होती, किल्ली माझ्या खिशात होती, आणि तो डबा कोमट लागत होता. ज्याने बसवला त्याने अँप्लिफायर चालू-बंद करणारी बारीक वायर किल्लीनंतरच्या (किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या) सप्लायला जोडायच्या ऐवजी त्याच्याच प्लसला बांधून टाकली होती. दोन इंचांचा तुकडा. गाणी बंद झाली तरी डबा रात्रंदिवस जागाच. त्याहून वाईट म्हणजे त्या लाल वायरला बॅटरीपासून सीटपर्यंत एकही फ्यूज नव्हता. कुठे घासून सोललेली वायर लोखंडाला टेकली असती तर बॅटरीचा सगळा जोर तिथून वाहिला असता, आणि बॉडी फायबरची. मी त्या गाडीत माझ्या मुलीला बसवून महिनाभर हिंडवलं होतं. हे लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो.

दुसरा दिवस ब्रेक लाईटचा. इथे फायबर बॉडीची गंमत समजून घ्यावी लागते. पत्र्याच्या गाडीत दिव्याचं मायनस जवळच्या पत्र्याला जोडलं की काम झालं, सगळी बॉडीच परतीची वाट असते. फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागते, आणि त्या सगळ्या वायरी लोखंडी फ्रेमवरच्या एखाद्या बोल्टवर गोळा होतात. तो एक बोल्ट रुसला की मागचे सगळे दिवे एकदम आजारी. परतीची वाट अडली की करंट दुसरी वाट शोधतो. ब्रेक लाईट आणि पार्किंग लाईटच्या दोन तारा एकाच बल्बमध्ये, एकाच मायनसवर असतात. ब्रेकच्या तारेतून आलेला करंट पार्किंगच्या तारेतून उलटा निघतो आणि पार्किंगच्याच लाईनवर असलेल्या मीटरच्या दिव्यांमधून घरी जातो. म्हणून ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा मीटर उजळायचा. गाडी महिनाभर ओरडून सांगत होती की माझं अर्थिंग गेलंय, ऐकणारं कुणी नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, "अण्णा, पण दुकानात मीटर वाजला होता." ते म्हणाले, "वाजणार की. दोन तारा शाबूत असल्या तरी वाजतो तो. नुसता आवाज ऐकून काय कळतंय, वजन देऊन बघा." वजन म्हणजे दिवा लावून जोडातून खरोखर करंट वाहू देणं. मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मागच्या दिव्याच्या मायनसला लावलं. तिथे ०.१, फार तर ०.२ दिसायला हवेत. दिसले ५.१. म्हणजे बॅटरीच्या बारांपैकी पाच व्होल्ट त्या खराब जोडावरच खर्ची पडत होते आणि दिव्याला उरत होते सात. मीटरची 'पीं' काही ओहमचा अडथळा असला तरी वाजते, तिच्या भरवशावर लाईटचा सेट बदलायला निघालो होतो आम्ही.

बोल्ट सापडला डिकीच्या गालिच्याखाली, डाव्या कोपऱ्यात. गोव्याच्या खाऱ्या हवेने आपलं काम केलेलं. थिंबलवर हिरवट पूड, तांब्याच्या तारा काळ्या पडून ठिसूळ झालेल्या, बोटाने दाबलं तर मोडत होत्या. अण्णांनी चांगली वायर लागेपर्यंत मागे कापत नेली, नवे थिंबल दाबून बसवले, वर स्लीव्ह गरम करून आवळली. फ्रेमवरचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड पांढरं केलं, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. पुन्हा ब्रेक, पुन्हा मीटर. ०.०८. मागचे दिवे असे लागले की लिंबाच्या बुंध्यावर लाल उजेड पडला. भर दुपारी.

उरलेला अर्धा दिवस किरकोळ कामांत गेला. लाल वायरीला बॅटरीपाशी फ्यूज, अँप्लिफायरची बारीक वायर किल्लीनंतरच्या सप्लायवर, आणि फ्यूजबॉक्समध्ये दहा अँपिअरच्या जागी कुणीतरी ठोकलेले तीसचे हिरवे फ्यूज काढून लाल. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. मोठा घातला की जळायची पाळी वायरवर येते.

आता पैशाचं. काम झाल्यावर अण्णांनी मागितले १,२०० रुपये. अडीच दिवसांचे. मी विचारलं, एवढेच? तर म्हणाले, "पार्ट काय गेला मालक? थिंबल पाच रुपयाचा. गिऱ्हाईक म्हणतंय, नुसतं बघायचे कशाला पैसे."

हेच मला सगळ्यांपुढे मांडायचंय. आपल्या बिलात दोन रकाने असतात, सामान आणि मजुरी. मजुरी म्हणजे आपल्या लेखी खोलणं आणि बसवणं. शोधणं याला रकानाच नाही. सहा तास डोकं लावून एक सैल बोल्ट सापडवला तर आपण म्हणतो, "नुसता बोल्ट तर आवळला." आणि साडेसहा हजारांचा चांगला आल्टरनेटर काढून दुसरा बसवला तर मुकाट्याने देतो, कारण जुना पार्ट पिशवीत घालून हातात मिळतो. मग दुकानदाराने काय करावं? त्याला भाडं आहे, पोरांचे पगार आहेत. शोधत बसला तर उपाशी राहील, म्हणून तो पार्ट बदलतो. नाहीच जमलं तर नवीन वायर ओढून जुनी तशीच सोडतो, आणि पुढच्या मालकासाठी आणखी एक गुंता तयार होतो. माझी गाडी कंपनीने बिघडवली नव्हती, बहुतेक सगळं नंतरच्या हातांनी घाईत मारलेल्या जोडांमुळे झालं होतं. आणि ती घाई आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनी शिकवलेली आहे. त्या पहिल्या दुकानावर माझा राग नाही, तो याच कारणासाठी. त्यांच्याकडे गेलो तेव्हा मीही पहिल्या वाक्यात हेच विचारलं होतं, "किती वेळ लागेल?"

माझे ६,००० रुपये बॅटरी आणि सेल्फमध्ये गेले, दोष तिथे नसताना. अण्णांना ४,००० दिले ते त्यांनी दोष शोधला म्हणून. यातलं गंडवणं कुठलं, हे मेहुण्याने मला सांगावं.

त्यामुळे आता मी गाडी दाखवताना आधीच ठरवून टाकतो. सापडो न सापडो, दिवसाचे इतके देईन, पण मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. असं बोललं की चांगल्या कारागिराचा चेहराच पालटतो, मी दोनदा बघितलंय. आणि जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांनो, टायर आणि रंग बघता तसे डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा. काळ्या टेपच्या गाठी किती आहेत ते मोजा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचे आकडे आणि आत घातलेले फ्यूज जुळतात का ते बघा. तीन-चारशे रुपयांचा मीटर घ्या. एक बल्ब आणि दोन वायरींचा टेस्ट लॅम्प घरीच करा, कारण तो मीटरसारखा नुसता वाजत नाही, वजन ओढतो.

निघताना अण्णांनी जुन्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर स्केचपेनने माझ्या गाडीचा नकाशा काढून दिला. कोणती वायर कुठून जाते, अर्थिंगचे बोल्ट कुठे आहेत, काय बदललं आणि कोणत्या तारखेला. माग चालवणारे जशी तुटलेली तार शोधून नेमकी गाठ मारतात, तसं बोट ठेवून ठेवून समजावलं. तो पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी गाडीतच ठेवलाय. कुणाकडे हीच गाडी असेल तर फोटो पाठवतो, मागा.

पुढचे दिवे अजून बाकी आहेत. कुणीतरी शंभर वॅटचे बल्ब घालून स्विच आणि वायरी तापवून ठेवल्यात. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट असतात आणि दिव्यापर्यंत पोचतात अकरा, म्हणजे उजेड निम्म्याच्या आसपास. साधे ५५/६० वॅटचे बल्ब, दोन रिले (दिव्यांचा भार स्विचऐवजी स्वतःवर घेणारे) आणि नवी जाड वायर, एवढं सामान आणून ठेवलंय. अण्णांनी रविवारी सकाळी सातला बोलावलंय, ऊन चढायच्या आत.