पंधरा दिवसांची नोटीस

आमचे सासरे अण्णा ३२ वर्षं तलाठी होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण अजूनही समोर कोणताही कागद आला, अगदी लग्नपत्रिका आली, तरी मागे काही शेरा आहे का ते आधी उलटून बघतात. गेल्या महिन्यात ते आमच्याकडे राहायला आले आणि चहा व्हायच्या आतच खिशातून पेनड्राइव्ह काढून टीपॉयवर ठेवला.

"जावईबापू, ह्यात अभंग भरून घेतलेत. घरी कॉम्प्युटरवर वाजतात, गाडीत वाजत नाहीत. तुम्ही कॉम्प्युटरमधले. जरा बघा."

मी कॉम्प्युटरमधला आहे, हे स्थळ आणणाऱ्या मावशींनी सांगितलं होतं. कॉम्प्युटरमध्ये मी एक्सेलपर्यंतच आहे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि गेली १४ वर्षं मीही तो विषय काढलेला नाही.

निदान मात्र मी अचूक केलं (पुतण्याला फोन करून). गाडीतला प्लेअर जुना. त्याला फॅट ३२ (ड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) सोडून दुसरी मांडणी वाचता येत नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, दुकानातून येतानाच एक्सफॅट. म्हणजे फॉरमॅट करून फॅट ३२ करायचा, एवढंच. उजवं बटण दाबून फॉरमॅट म्हटलं, तर यादीत फॅट ३२ नाहीच! माझ्या लॅपटॉपवरची ती खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट ३२ देतच नाही. विंडोजची ही खिडकी डेव्ह प्लमर नावाच्या प्रोग्रामरने १९९४ च्या अखेरीस, एका पावसाळी सकाळी, तात्पुरती म्हणून लिहिली आणि ३२ जीबीची मर्यादाही तेव्हाच ठरवली, असं त्यानेच सांगून टाकलंय. अण्णांना याचं काडीचं नवल वाटलं नाही. म्हणाले, "आमच्या तलाठी सजाचं ऑफिस तात्पुरतं म्हणून ग्रामपंचायतीच्या कोठीत हलवलं होतं. मी तिथूनच रिटायर झालो."

पुतण्या म्हणाला, "काका, मग काळी खिडकी उघडा."

उघडली. म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची ती कमांड प्रॉम्प्टची खिडकी. तिथे आधी साधी फॉरमॅटची कमांड दिली. तिने एक टक्का, दोन टक्के करत अख्खा ड्राइव्ह तपासला, आमची रात्रीची जेवणं झाली, शंभर टक्के झाले, आणि मग ती म्हणाली की हा फॅट ३२ साठी फार मोठा आहे. रांगेत दोन तास उभं राहून खिडकीशी पोचल्यावर "हे इथे होत नाही" ऐकायची मला सवय आहे. पण ती दुसऱ्या खिडक्यांची.

राहिला डिस्कपार्ट, म्हणजे त्याच काळ्या खिडकीतून डिस्कची वाटणी करणारा विंडोजचा प्रोग्राम. त्यात ३०,००० एमबीचा तुकडा पाडायचा आणि तेवढाच फॅट ३२ करायचा. "म्हणजे पोटहिस्सा," असं म्हणत अण्णा खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले. आता माघार नव्हती.

फॉरमॅटची कमांड देण्याच्याही आधी, दुपारी, मी डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' टाकून जोडलेल्या डिस्कची यादी बघितली होती. डिस्क ० लॅपटॉपची, डिस्क १ पेनड्राइव्ह. म्हणून कागदावर ठळक '१' लिहून ठेवला. मग, ती कमांड द्यायच्या आधीच, मला शहाणपण सुचलं: पुसण्याआधी अभंगांची प्रत काढावी. पेनड्राइव्ह काढला, घरची मोठी हार्डडिस्क लावली, मग पेनड्राइव्ह पुन्हा लावला, आणि अभंग हार्डडिस्कवर उतरवून घेतले. त्याच हार्डडिस्कवर आमचं लग्न, मुलीचं बारसं, तिची सगळी गॅदरिंग आणि अण्णांची साठीशांत आहे. यंत्र नंबर देतं ते आला तसा, तोंड ओळखून नाही. हार्डडिस्क आधी आली, तिला १ मिळाला. पेनड्राइव्ह झाला २. माझा कागद मात्र तोच होता.

'सिलेक्ट डिस्क १'. 'क्लीन'. एंटर.

आमच्या घरात रद्दी द्यायची म्हटली तरी बायको तीनदा विचारते, "नक्की ना? त्यात काही नाही ना?" रिसायकल बिन रिकामी करतानाही कॉम्प्युटर विचारतो. ती जेवणभर चाललेली फॉरमॅटची कमांडसुद्धा सुरू होण्याआधी थांबून वाट बघते. 'क्लीन' काहीही विचारत नाही. तुम्ही म्हणालात ना, मग झालं. दोन सेकंदांत खाली ओळ आली: डिस्क साफ करण्यात यश आलं आहे. यश!

"झालं?" अण्णा.

"झालं. सगळी नोंद पुसली."

"सातबारा कोरा?"

"कोरा."

"सर्व्हिसभर नुसती घोषणाच ऐकली," अण्णा म्हणाले, "होताना आज बघितला. क्षेत्र किती भरलं?"

रुबाबात पुन्हा 'लिस्ट डिस्क' टाकलं. निवडलेल्या डिस्कपुढे एक छोटी चांदणी येते. ती डिस्क १ पुढे होती. त्याच ओळीत क्षेत्र होतं ९३१ जीबी.

"पण पेनड्राइव्ह तर ६४ चा ना?" अण्णा.

मी काही बोललो नाही. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "काय रे, एवढा गप्प का?"

अण्णांनी चष्मा काढला. "जावईबापू, साधा फेरफार धरायचा तर आम्ही हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीला पंधरा दिवस. तुमच्याकडे पंधरा सेकंदसुद्धा नाहीत? आणि नुसत्या नंबरावर कोण जातं? क्षेत्र बघायचं, चतुःसीमा बघायच्या, मग सही." पुतण्याने फोनवर नेमकं हेच सांगितलं, फक्त त्याच्या भाषेत: 'डिटेल डिस्क' टाकलं की डिस्कचं नाव आणि ड्राइव्हची अक्षरं दिसतात, आणि मुळात पुसायची सोडून बाकी बाहेरच्या डिस्क आधी उपटून ठेवायच्या. मी दोघांचंही मान खाली घालून ऐकलं.

"पण जमीन जागेवर आहे ना?" अण्णांनी विचारलं.

आणि ती होती! नुसतं 'क्लीन' फक्त डिस्कच्या वाटणीची नोंद पुसतं, आतला माल तसाच राहतो. 'क्लीन ऑल' लिहिलं असतं तर एकेका सेक्टरवर शून्याचा नांगर फिरला असता. 'ऑल' मी आळसाने लिहिलं नव्हतं. आयुष्यात आळस इतका कामी कधी आला नव्हता. एकच पथ्य होतं, त्या डिस्कवर काहीही नवं लिहायचं नाही. टेस्टडिस्क नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवला, पुतण्या फोनवर आणि अण्णा शेजारी, अशा पंचांसमक्ष झडती सुरू झाली. रात्री साडेअकराला जुनी हद्द सापडली. नोंद परत घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि बारसं, गॅदरिंग, साठीशांत सगळं नावागावासकट परत. 'अभंग २' नावाच्या फोल्डरमध्ये अभंग नाहीत, हेही मला याच पंचनाम्यात कळलं. त्याबद्दल मी आणि अण्णा दोघंही काही बोललो नाही.

सकाळी उठून बघतो तर हार्डडिस्कवर पांढरी पट्टी चिकटवलेली. त्यावर अण्णांचं वळणदार अक्षर: 'फोटो. खरेदी-विक्रीस मनाई.' ती कपाटात कुलपात ठेवूनच अण्णांनी मला लॅपटॉपला हात लावू दिला. या वेळी डिस्क १ खरोखर पेनड्राइव्ह होता. क्षेत्र ५८ जीबी.

"६४ चे ५८ कसे?"

"विकणारे हजाराने मोजतात, कॉम्प्युटर १०२४ ने. वर थोडी घट."

"बरोबर. गुंठा १०८९ फुटांचा, प्लॉट पाडणारा हजारचाच धरतो."

क्लीन, पोटहिस्सा, फॅट ३२. पाच मिनिटांत काम झालं. मग हार्डडिस्क कुलपातून काढून अभंग परत भरले, खाली जाऊन पेनड्राइव्ह गाडीत लावला आणि पार्किंगमध्ये टाळ वाजू लागले. अण्णांनी आवाज कमी केला.

"तुकडा ३०,००० चा पाडलात. उरलेल्याचं काय?"

"उरलेलं तसंच. पडीक."

"पडीक ठेवू नका हो," अण्णा कळवळून म्हणाले, "शेजारी बांध कोरतो."