खुलासा: प्रकाश म्हणजे आशाच, असे नाही

डिस्टोपियन, म्हणजे जुलमी समाजाचे भयावह चित्र रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांत प्रकाश नेहमी आशेचे आणि अंधार जुलमाचे प्रतीक असतो, असे विधान सर्रास केले जाते. ते बरोबर नाही. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये (१९४९) ‘जिथे अंधार नाही’ अशा जागेचा उल्लेख नायक विन्स्टनला मुक्त भविष्याचे आश्वासन वाटतो, पण प्रत्यक्षात ती निघते प्रेम मंत्रालयातली, म्हणजे नाव प्रेमाचे पण काम छळाचे असलेल्या सरकारी खात्यातली, कोठडी, जिथे खिडकी नाही, भिंती चकचकीत पांढऱ्या फरशांच्या आहेत आणि दिवे कधीच मालवत नसल्याने दिवस की रात्र हेही कैद्याला उमगत नाही. तिथे प्रकाश हेच पाळतीचे, किंबहुना छळाचे साधन आहे. मात्र रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये (१९५३) पुस्तके जाळणारी आगच शेवटी शेकोटी होऊन ऊब देते, त्यामुळे उलटा नियमही करता येत नाही.